झाकलेला चौक

नकारबाईंचा पहिला शब्द बहुधा 'नाही' असायचा. त्याने कुणी दुखावलं तर त्या त्याला बसवून चहा पाजायच्या. शब्द मात्र मागे घ्यायच्या नाहीत. 'नकारबाई' हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्या डहाणूकडच्या वारली, आदिवासी चित्रकलेच्या अभ्यासक, पनवेलला राहून प्रदर्शनं उभारणाऱ्या. मी त्यांची मदतनीस.

चित्राखाली 'अज्ञात कलाकार' अशी पाटी दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "अज्ञात कुणाला? तिच्या पोरांना ठाऊक आहे ना ती?" असं म्हणून एका नावासाठी मला भर उन्हात पाड्यावर पिटाळायच्या. नाव मिळेपर्यंत चित्र टांगायचं नाही. मी कुरकुरत जायचे.

पनवेलमध्ये मोठं प्रदर्शन भरवायचं, हा ध्यास त्यांनी कैक वर्षं धरला होता. शेवटी इथल्याच एका बिल्डरशेटने नव्या टॉवरमधला हॉल दिला. मधोमध लग्नाचा चौक ठेवला, सारवलेल्या सुट्या कुडावर पाड्यावरच्या सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने काढलेला. चौकात देवी असते आणि लग्नाचा विधी होईतो ती झाकलेली असते. बाईंनी इथेही तिच्यावर कापड घातलं.

उद्घाटनाला आलेले शेट ते बघून थबकले. "मॅडम, आमी काय फडक्याचं उद्घाटन करू? पावने फोटो काडायला आलेत. काडा ते फडकं."

"लगीन हाय का कुनाचं?" बाईंनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"नाय."

"मग नाय."

"मग हॉल पन नाय," शेट म्हणाले.

"पाच मिनिटांपुरतं काढू या ना, बाई," मी कुजबुजले.

"पाच मिनिटं ती देवी नसते का?"

सगळी चित्रं टेम्पोत घालून आम्ही करंजाड्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावली. पाहुणे फिरकले नाहीत. पाड्यावरच्या बाया मात्र आल्या, आपापल्या नावाखाली ऐटीत बसल्या. मलाही देवी बघायची होती. "पाड्यावर लग्न आहे, त्याला ये, तेव्हा बघ," बाई म्हणाल्या.

त्या लग्नाआधीच बाई गेल्या. पाड्यावर मी एकटीच गेले. कापड निघालं तेव्हा मला रडू आवरेना. फोटो काढायचं सुचलंच नाही.

आता प्रदर्शनं मी लावते. परवा एका बड्या पाहुण्यांनी चौकावरच्या कापडाला हात घातला.

"नाय," मी म्हणाले.

ते फार रागावले. मग मी त्यांना बसवून चहा पाजला.