मी उतरवलेला टॉवर

भाईंदर पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. तिथल्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, कारण त्या वर्षी दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. मी मात्र घराघरांतून मतं मागून निवडून आल्यासारखा वागायला लागलो.

आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता. त्याचं भाडं सोसायटीला यायचं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. एकेकाळी याच बिल्डिंगमध्ये फोन फक्त एका घरात होता आणि रत्नागिरीहून आईचा फोन आला की त्या घरातल्या वहिनी जिन्यातून हाक मारायच्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. पुढे डेटा इतका स्वस्त झाला की स्टेशनबाहेरची भाजीवाली मेथी निवडता निवडता सीरियल बघायला लागली. मीही दिवसभर मेसेज वाचायला लागलो, आणि तिथेच घोळ झाला.

एक मेसेज आला: टॉवरमुळे डोकेदुखी होते, झोप लागत नाही आणि केस गळतात. मला तिन्ही त्रास होते. त्यातला तिसरा तर टॉवर यायच्या आधीच संपला होता, गळायला काही उरलंच नव्हतं. पण एवढा विचार कोण करतो? टॉवरचा करार संपत आला होता. मी सभा बोलावली आणि अर्धा तास भाषण ठोकलं. पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत, असंही म्हणालो.

चौथ्या मजल्यावरचे शेठ, ज्यांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे, शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, ये मेसेज आपको आया कहाँ से? अपने ही टॉवर से ना?"

सगळे हसले. मी म्हणालो, "शेठ, विषयांतर करू नका."

ठराव दोन मतांनी पास झाला. महिन्याभरात माणसं आली आणि टॉवरचे खांब सुटे करून दोराने खाली उतरवले. मी गच्चीवर उभा राहून फोटो काढून घेतला. तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला गेलो तर जाईना. मला वाटलं, फोटो मोठा असेल.

घरात नेटवर्क उरलं नव्हतं. बहुतेक घरांत त्याच कंपनीचं सिम होतं. लोक खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून बोलायला लागले. मी सांगायचो, "थोडं सहन करा, आरोग्याचा प्रश्न आहे." आणि स्वतः गुपचूप कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन फोन करायचो. गिरणीवाल्याला वाटायचं, मी रोज दळणाची चौकशी करतोय.

तेवढ्यात फायबर इंटरनेटवाले आले. म्हणाले, परवानगी द्या, घरोघरी वायर टाकतो. मी नकार दिला. टॉवर काढून टाकलेला माणूस लगेच वायरीला हो म्हणाला तर त्याची काय इज्जत राहणार? बिल्डिंगचं सौंदर्य बिघडेल, असं कारण लिहून दिलं. आमच्या बिल्डिंगच्या भिंतींतून पिंपळ उगवलेत. शेठनी मात्र समोरच्या दुकानावरून थेट आपल्या खिडकीत वायर घेतली. मी त्यांना इंग्रजीत नोटीस पाठवली.

त्याच सुमारास माझी मुलगी बाळंतपणाला टेकली. ती पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून बायकोच तिकडे गेली. निघताना म्हणाली, "अहो, फोन लागेल असे राहा. गिरणीत मुक्काम करावा लागला तरी करा."

"मी दर तासाला खाली जाईन," मी म्हणालो.

चार दिवस गेलोही. पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी वरणभात खाल्ला आणि जरा आडवा झालो. जाग आली ती दारावरच्या थापांनी. दारात शेठ. बनियनवर, पायांत चप्पल नाही.

"साहेब, जल्दी ऊपर चलो. आपकी मॅडम का फोन है."

"तुमच्याकडे?"

"अरे, एक घंटे से आपको लगा रही है. चलो ना!"

जिना चढताना मी काय झालं ते विचारलंच नाही, विचारायची हिंमतच नव्हती. शेठच्या घरात त्यांची बायको फोन समोर धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मी भिंतीला टेकलो.

"डरते क्यूँ हो? लक्ष्मी आयी है," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

पडद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं लाल, रागावलेलं तोंड होतं. मूठ आवळलेली. चित्र अगदी स्वच्छ होतं, एकदाही अडकलं नाही. मागून बायकोचा आवाज आला, "दिसली का? दोघी बऱ्या आहेत. आणि तुम्ही कुठे होता?"

"गिरणीत," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका. गालावर उशीच्या सुरकुत्या दिसतायत."

शेठच्या बायकोचा नंबर माझ्या बायकोने पुण्याला जाण्यापूर्वीच घेऊन ठेवला होता. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हे तिला ठाऊक होतं.

शेठनी सुखडीची ताटली पुढे केली. मी एक वडी तोंडात टाकली. म्हणालो, "शेठ, ती नोटीस..."

"कोणती नोटीस? इंग्लिश अपने को आता नहीं," ते म्हणाले. त्यांचा मुलगा इंग्रजीचे क्लास घेतो.

पुढच्या सभेत फायबरचा ठराव मीच मांडला आणि माफीही मागितली. कुणी टोमणा मारला नाही, ते जास्त लागलं. टॉवरचं म्हणाल तर कंपनीने तो गल्लीपलीकडच्या सोसायटीच्या गच्चीवर उभा केला, बरोबर माझ्या बेडरूमच्या खिडकीसमोर. नेटवर्क उत्तम आहे. भाड्याच्या पैशांत त्यांनी लिफ्ट बसवली. आमच्याकडे बायको दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबते आणि माझ्याकडे नुसती बघते.

नात आता बोलायला लागलीय. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. मी फोन कानाला लावून मोठ्याने "हॅलो" म्हणतो आणि ती तिकडून आईला विचारते, "आजोबांचा कान का बोलतोय?"