मेथीचं चीज

साल दोन हजार एकवीस. माझं वय बहात्तर. भूम तालुक्याकडचा खवा भट्टीवाला मी, शाळा चौथीपर्यंत. आदल्या वर्षी मुलगा महेश म्हणाला, "अण्णा, तीन महिने राहून जा." आलो, आणि विमानंच बंद पडली. नीउ-व्हेनेप या डच गावातल्या त्याच्या घरात बघता बघता सव्वा वर्ष गेलं.

जून उजाडला तोवर बाहेर बसून खायला परवानगी मिळाली होती आणि माझं परतीचं तिकीटही निघालं. महेशचं म्हणणं, आता भट्टी मोडीत काढा. मी ठणकावून सांगितलं होतं, गेल्या गेल्या पहिली भट्टीच पेटवणार. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. हिवाळ्यात महेश, सून वैशाली आणि मी, तिघांनाही कोरोना झाला. त्या दोघांना वास परत यायला लागला, मला नाही. खवा करणाऱ्याला नाक नसेल तर त्याने कढईपुढं बसावं कशाला? दोनदा माझ्या हातून दूध लागलं. करपल्याच्या वासाने वैशाली वरच्या मजल्यावरून धावत आली. मी म्हणालो, "तुमची ही काचेची शेगडीच खोटी."

जाण्याआधी मला काहीतरी दाखवावं म्हणून एका शनिवारी वैशालीने गाडी काढली, महेशही बरोबर निघाला. पाऊण तास दक्षिणेला. सगळा पोल्डर (समुद्राला मागं सारून काढलेली जमीन). टेकाड म्हणून नाही. पाट सरळ, रस्ता सरळ, गाईसुद्धा ओळीत चरतात असं वाटावं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात माणूस चढाने दमतो, इथं नजर सपाटीने दमते.

आम्ही पोचलो ते एका कासबुर्डरायवर (चीज करतात ते शेतघर). मालकीण मार्गा, पासष्टीची, पायात लाकडी बूट, दंड माझ्यासारखे. तिने हात जोडले नाहीत की हात मिळवला नाही. त्या दिवसांच्या रीतीने कोपर पुढं केलं. मीही कोपर लावलं.

आत मोठ्या पातेल्यात सकाळच्या धारेचं दूध होतं. विरजण घालून घट्ट केलेलं दूध ती तारांच्या चौकटीने कापत होती. कोमट वाफ तोंडावर आली आणि मी तिथंच थबकलो. पहाटेची आमची भट्टी, बाभळीचा जाळ, म्हशीच्या दुधाची पहिली वाफ. शेजारी माझी बायको, अनुसया. खवा होत आला की ती म्हणायची, "अहो, उतरवा आता." तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट. पण तिने सांगितलं म्हणून उतरवलं असं होऊ नये यासाठी मी मुद्दाम कढईत खुरप्याने दहा वेढे जास्त घालायचो. चाळीस वर्षं. आता वाफ तीच होती, पण तिला वास नव्हता आणि शेजारी कुणी नव्हतं.

महेशने मार्गाला सांगितलं, "हे माझे वडील. दुधाचंच काम करतात." तिने विचारलं, "किती वर्षं?" मी बोटांनी पन्नास दाखवली. तिने कपाळाला बोट लावून सलाम ठोकला.

जेवण बाहेर, झाडाखाली, लांब लांब मांडलेल्या टेबलांवर. जाड पाव, मोहरीची चटणी, कार्नमेल्क (ताकच, पण मीठजिऱ्याशिवाय) आणि फळीवर चीजचे चार तुकडे. एक तुकडा माझ्यापुढं धरून मार्गा हसत काहीतरी म्हणाली. महेश म्हणाला, "यात आपल्याकडची एक वस्तू आहे म्हणते. ओळखा म्हणते."

मास्कने चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो मी गाडीत ठेवला होता. तुकड्यात बारीक तपकिरी दाणे आहेत एवढं दिसलं. चावला. जिभेला मीठ कळलं, बाकी सगळं मेण. मी मान डोलावून ऐटीत म्हणालो, "जिरं! फर्मास."

महेश खो खो हसला. "अहो अण्णा, मेथी आहे! फळीवर हात ठेवायच्या आधी मला वास आला. तुम्हाला मेथी नाही कळली?"

"तुमच्या देशातली मेथी," मी म्हणालो, "तिला मेथी कोण म्हणेल?"

वैशाली हसली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मी ताकाचा पेला तोंडाला लावला.

जेवण झाल्यावर मार्गाने कोठार दाखवलं. फळ्यांवर चीजची पिवळी चाकं, छतापर्यंत. रोज एकेक उलटायचं. मग तिने बोट मुडपून एका चाकावर टकटक केली, कान जवळ नेला. दुसऱ्यावर टकटक केली. आत पोकळी धरली असेल तर आवाजावरून कळतं, महेशने समजावलं. समजावतोस काय लेका! दूध पातळ असतं तेव्हा खुरप्याचा आवाज कढईवर खणखणीत येतो, खवा धरत आला की तोच बसका होतो. पाठ करून बसलो तरी मला सांगता येतं.

मी पुढं झालो. पाच चाकं वाजवली. चौथ्यावर पुन्हा वाजवलं. "हे," मी म्हणालो, "आतून फुगलंय."

मार्गाने स्वतः वाजवून पाहिलं. मग ते चाक उचलून बाजूला ठेवलं आणि महेशला म्हणाली, "तुझ्या वडिलांना इथं माझ्याकडं ठेवून जा."

"बघ," मी महेशला म्हणालो. "आणि तू भट्टी मोडायला निघालास."

परतताना महेश मागं झोपला. पाटाकडेने सायकली चालल्या होत्या. वैशालीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "अण्णा, वास कधीपासून येत नाही?"

"गाडी चालव," मी म्हणालो.

ती चालवत राहिली. घर दिसायला लागलं तेव्हा मी म्हणालो, "डिसेंबरपासून."

ती एवढंच म्हणाली, "मला तेव्हाच सांगायचं होतंत."

कान शाबूत आहे हे मी बघून आलो होतो. पण लागलेलं दूध कानाला कळत नाही, हेही मला ठाऊक होतं. तिथं दुसरं माणूस लागतं. ते मला आयुष्यभर होतं, आणि मी त्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन लिटर दूध त्याच खोट्या शेगडीवर चढवलं आणि जिन्याखालून हाक मारली, "वैशाली, खाली ये. इथं माझ्याजवळ उभी राहा." ती आली. मी ढवळत होतो, कान कढईकडं. आवाज बसका व्हायला लागला. माझ्या हिशेबाने अजून दहा वेढे बाकी होते.

"अण्णा," ती म्हणाली, "उतरवा आता."

मी उतरवलं.