सासूबाईंसोबत बोटीवर चार दिवस

नवऱ्याचा पाय मोडला नसता तर मी सासूबाईंसोबत बोटीवर गेलेच नसते. शेंद्र्याच्या कारखान्यात त्याला वीस वर्षं झाली, म्हणून कंपनीनं दोघांसाठी क्रूझची सहल बक्षीस दिली होती. मुंबईहून निघायचं, एक अख्खा दिवस नुसत्या समुद्रात काढायचा, मग गोवा, आणि चौथ्या दिवशी परत. आम्ही दोघांनी आयुष्यात फेरीबोटसुद्धा पाहिली नव्हती. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. आणि जायला तीन आठवडे असताना तो गच्चीवरची टाकी बघायला चढला, उतरताना दोन पायऱ्या चुकला आणि घोट्याजवळचं हाड मोडून बसला.

तारीख बदलून मिळत नव्हती. नाव बदलून मिळत होतं. पाय उशीवर ठेवून तो म्हणाला, "आईला घेऊन जा."

मी चहा गाळत होते. हात थांबला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत सासूबाई आणि मी दोघीच अशा कुठंही गेलो नव्हतो, बाजारातसुद्धा. आमचं भांडण नव्हतं. भांडायला लागतं तेवढं बोलणंच नव्हतं. मी सकाळी सातला सिडकोतल्या शाळेत शिकवायला जाणार, त्या घर बघणार. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, नळ आला का, उद्या डबा कुणाचा, एवढ्यात आमची गाडी चालायची. चार दिवस एका खोलीत काय बोलायचं, याचीच मला धास्ती होती. त्या नाही म्हणतील अशी आशा होती.

पण त्या म्हणाल्या, "जाते की." आणि दुसऱ्या दिवशी एकट्या गुलमंडीवर जाऊन नव्या चपला घेऊन आल्या.

घर आणि बापाचा पाय मुलीवर सोपवून आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. लासूर स्टेशन मागं पडलं तसं त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. बारा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, तिळाच्या पोळ्या. मी म्हटलं, "आई, बोटीवर जेवण आहे."

"त्यांचं त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या.

बंदरावर मात्र पंचाईत झाली. विमानतळासारखी तपासणी होती आणि बाहेरचं शिजवलेलं अन्न आत नेता येत नव्हतं. तिथल्या बाईनं डबा बाजूच्या टेबलावर ठेवायला सांगितला. सासूबाईंनी विचारलं, "ठेवलं तर त्याचं काय करता?" बाईनं कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपाकडं बोट दाखवलं. सासूबाई रांग सोडून बाहेर गेल्या. आम्हाला घेऊन आलेला टॅक्सीवाला अजून तिथंच गिऱ्हाईक बघत उभा होता. त्याच्या हातात उरलेल्या भाकरी, चटणी, ठेचा, पोळ्या सगळं देऊन, रिकामा डबा फडक्यानं पुसत त्या परत रांगेत आल्या. मागची माणसं कुरकुरली. सासूबाईंना त्याचं काही नव्हतं.

बोट म्हणजे बोट वाटतच नव्हती. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या इमारती एकावर एक रचल्या तरी तिच्या बरोबरीला आल्या नसत्या. आमची खोली मात्र अगदी लहान होती. दोन पलंग, मधे एक हात जागा, आणि एक गोल खिडकी. सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ तिथून हलल्या नाहीत. संध्याकाळी बोट सुटली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभ्या होतो. मुंबईचे दिवे मागं सरकायला लागले. मला वाटलं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, "हे हलतंय का आपण हलतोय, काय कळंना." आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

जेवणाच्या जागी त्यांनी आधी रिकाम्या हातानं सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारली, मग ताट घेतलं. वाढणारा माणूस "मॅडम" म्हणाला तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं, मागं कुणी मॅडम आहे का म्हणून. रात्री खोलीत आलो तर सफाई करणाऱ्यानं टॉवेलची घडी घालून पलंगावर हत्ती करून ठेवला होता. तो त्यांनी मोडू दिला नाही. उचलून टीव्हीपाशी ठेवला आणि सकाळी स्वतःच्या जुन्या लुगड्यानं अंग पुसलं.

दुसरा दिवस नुसत्या समुद्राचा. चहूकडं पाणी, आणि वरच्या मजल्यावर बोटीचा स्वतःचा एक निळा तलाव, लोकांना पोहायला. नाश्ता करून आम्ही तिथं जाऊन बसलो. पोरंटोरं आणि बापेमाणसं डुंबत होती. सासूबाई जरा वेळ खुर्चीवर बसल्या, मग काठावर जाऊन पाय पाण्यात सोडून बसल्या. थोड्या वेळानं मला विचारलं, "किती खोल असंल?"

भिंतीवर लिहिलं होतं. मी वाचून सांगितलं, "चार फूट."

"एवढंच?" त्या म्हणाल्या, आणि उठून पदर कमरेला खोचायला लागल्या. मग निऱ्या मागं घेऊन काष्टा घालायला लागल्या. मला कळेना त्या काय करतायत. तोवर गळ्यात शिट्टी अडकवलेला, तलावावर लक्ष ठेवणारा माणूस लगबगीनं आला. हात जोडून, अगदी नरमाईनं म्हणाला, "माताजी, साडी में पूल में नहीं उतर सकते. नियम है."

सासूबाई थबकल्या. त्यांचा चेहरा एकदम मिटला. "बरं," एवढंच म्हणाल्या, काष्टा सोडला, निऱ्या नीट केल्या आणि जाऊन पार लांबच्या खुर्चीवर तलावाकडं पाठ करून बसल्या.

दुपारी त्या नीट जेवल्या नाहीत. खोलीत आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. मला वाटलं, चारचौघांत अडवलं म्हणून ओशाळल्या असतील. मी म्हटलं, "आई, तो नियम सगळ्यांनाच आहे. सुती कपडा पाण्यात चालत नाही त्यांना."

"मला कळतं ते," त्या म्हणाल्या. मग तशाच, भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पाण्यात उतरू नका म्हणलं की मला माझं गाव दिसतं."

मग त्यांनी सांगितलं. अठरा वर्षांत त्या माझ्याशी इतकं सलग कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचं माहेर करमाडपासून आत, आडवाटेचं गाव. त्या लहान असताना आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी शेंदायची मुभा नव्हती. कळशी घेऊन लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. एका वर्षी त्यांच्या वडलांनी आणि चुलत्यांनी ठरवलं, आपली विहीर आपण खोदायची. वस्तीतली सगळी माणसं दोन उन्हाळे खपली. मधे काळा पाषाण लागला तेव्हा बायकाही पाट्या वाहायला उतरल्या. आणि पाणी लागलं.

"मग माझा बाप म्हणला, आता वस्तीतल्या सगळ्या लेकरांनी पवायला शिकायचं. पोरींनी बी. इहीर आपली हाय, तिला कुणी भ्यायचं नाय." त्या आता माझ्याकडं वळल्या होत्या. "पाठीला सुका भोपळा बांधायचा अन् द्यायचा ढकलून. मी आठ दिवसांत भोपळा सोडला. पोरांच्या आधी. काठावरनं सूर मारायची मी."

"तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"येत होतं. लगीन होऊन शहरात आले. इथं नळाच्या पाण्यात कोण पवणार?"

"ह्यांना माहीत आहे?"

"कुणी इचारलंच नाय की."

मी उठले, पायात चपला सरकवल्या आणि त्या शिट्टीवाल्याला जाऊन गाठलं. काय घातलेलं चालतं ते नीट विचारून घेतलं. तो बिचारा सकाळपासून मनाला लावून घेऊन बसला होता बहुतेक. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाखही चालतो आणि तो खालच्या दुकानात मिळतो, असं त्यानंच सांगितलं. वर म्हणाला, उद्या बोट गोव्याला लागली की सगळे उतरतील, पूल मोकळा असेल, तेव्हा त्यांना घेऊन या.

दुकानात त्यांच्या मापाचा एकच होता. जांभळा, घोट्यापर्यंत, आणि बाह्यांवर पांढरे मासे. मी तो खोलीत नेऊन पलंगावर पसरला. सासूबाईंनी कापड ताणून बघितलं, उलटं करून शिवण बघितली.

"हे घालून मी माणसांत जाऊ?"

"त्यात काहीच दिसत नाही, आई. फक्त तोंड आणि हात."

त्यांनी जरा विचार केला. "मी एकटी नाय घालणार. तुला बी आण."

मला पोहायला येत नाही, मला पाण्याची भीती वाटते, हे सांगायच्या आधीच मी परत दुकानाकडं निघाले होते. माझा हिरवा मिळाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट गोव्याला लागली. नाश्ता होताच सगळी बोट रिकामी व्हायला लागली. टोप्या, गॉगल, पोरांच्या हातात फुगे. आम्ही दोघी खोलीत पोशाख चढवत होतो. त्यांचा पाठीकडून वर ओढायला मला पलंगावर चढावं लागलं. आरशात दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि हसायला लागलो. मला हसता हसता खाली बसावं लागलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तुझा सासरा असता तर म्हणला असता, ही कोणती सोंगं," त्या म्हणाल्या. वरून खोलीत टांगलेले मोठाले पांढरे झगे घालून, ते घट्ट आवळून, आम्ही लिफ्टमधून वर गेलो.

तलावात कुणीच नव्हतं. शिट्टीवाला लांबून बघत होता, जवळ आला नाही. सासूबाईंनी झगा काढून खुर्चीवर घडी करून ठेवला. शिडीवरून सावकाश उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं तशा थांबल्या, ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं. आणि एकदम दिसेनाशा झाल्या.

मी काठावर गुडघ्यांवर बसले. पलीकडच्या भिंतीपाशी त्यांचं डोकं वर आलं. केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं काही की मी तो चेहरा आधी बघितलाच नव्हता. तिथून त्या हात मारत परत आल्या. शहरी लोक पोहतात तसं नाही, मान वर, जोरात पाणी कापत. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. मग उताण्या झाल्या आणि डोळे मिटून पाण्यावर नुसत्या पडून राहिल्या, घरी गच्चीवर उन्हाळ्यात पडतात तशा. त्यांचं वय सहासष्ट आहे.

शिट्टीवाला आता जवळ आला होता. "माताजी, कहाँ सीखा?"

"बावडी में," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "हमारी खुद की बावडी थी."

मग माझी पाळी. मी शिडी सोडायलाच तयार नव्हते. त्यांनी मला ओढून मधे नेलं, पाठीखाली हात घातला आणि म्हणाल्या, "पड." मी पडले आणि लोखंडासारखी बुडले. नाकातोंडात पाणी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "अंग ढिलं सोड की. घरात बी अशीच असतीस तू. ताठ."

मी खोकत खोकत म्हटलं, "तुमच्यामुळंच ताठ असते."

एरवी हे माझ्या तोंडून निघालं नसतं. आम्ही दोघी पाण्यात उभ्या, एकमेकींकडं बघतोय. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "व्हय? अन् मी समजत होते, शाळामास्तरीण हाय, तिला आपलं बोलणं आवडत नसंल. म्हणून मी गप ऱ्हायची."

"मी तुम्हाला आवडत नाही म्हणून गप्प राहायचे."

"लई शानी आहेस," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडावर पाणी उडवलं. मीही उडवलं. काठावरच्या माणसानं दुसरीकडं बघितलं.

गोव्यात आम्ही उतरलोच नाही. जेवणाची वेळ सोडली तर दिवसभर पाण्यातच होतो, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत. दुपारी फोनला रेंज आली तेव्हा शिट्टीवाल्यानंच माझ्या फोनवर काढलेला व्हिडिओ मी घरी पाठवला. लगेच नवऱ्याचा फोन.

"ती जांभळी बाई कोण आहे?"

"तुमची आई."

मागं मुलीचा आवाज ऐकू येत होता, ती पुन्हा पुन्हा व्हिडिओ लावत होती. मग तो म्हणाला, "दे तिला." आणि आईला म्हणाला, "मला कधी शिकवलं नाहीस."

"तू न्हाणीत डोक्यावर तांब्या घेतला तरी रडायचास," त्या म्हणाल्या. "पाय बरा होऊ दे. मग बघू."

संध्याकाळपर्यंत मी हाताच्या आधाराशिवाय दहा अंक मोजेपर्यंत तरंगले. अंक त्यांनी मोजले आणि मला शंका आहे की त्यांनी ते भरभर मोजले. त्या रात्री एक हात जागेच्या अलीकडून पलीकडून आम्ही पुष्कळ बोललो. त्यांच्या बहिणींविषयी, माझ्या आईविषयी, घरी कुकरच्या तीन शिट्ट्या की चार याविषयीसुद्धा.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनीच विषय काढला. घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर एक तरण तलाव आहे, तिथं सकाळी बायकांची वेगळी वेळ असते, हे त्या भाजीवालीकडून काढून आल्या होत्या. मे महिना, माझ्या शाळेला सुट्टी. आम्ही नाव नोंदवायला गेलो. खिडकीतल्या मुलीनं दोन अर्ज पुढं सरकवले, माझ्याकडं बघत विचारलं, "आजींना शिकायचंय ना? शिकणाऱ्यांसाठी वेगळा रकाना आहे."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई खिडकीशी वाकल्या. "मला येतं," त्या म्हणाल्या. "शिकायचंय हिला. जरा ताठ हाय, पण शिकंल."