ताईंचं तांबं

हे आजवर कुणापाशी बोललो नाही, पण धातूंशी कोळीवाड्याच्या बोलीत भांडणारी बाई जगात एकच असणार, आणि ती आमच्या काशीमीऱ्याच्या लॅबमधली माझी सीनियर. आम्ही त्यांना ताई म्हणतो. जुन्या भाईंदरच्या, डॉक्टरेट झालेल्या, मीटिंगमध्ये झोकात इंग्रजी बोलणाऱ्या ताई फ्लास्कसमोर उभ्या राहिल्या की घरच्या भाषेवर येतात. "काम कराचा हाय का न्हाय तुला?" काम झालं नाही तर फ्लास्कशी अबोला. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो.

कर्करोगावरच्या औषधासाठी आम्ही दोन रेणू एकमेकांना जोडतो. ते पॅलेडियम या धातूशिवाय जुळत नाहीत. नव्या पोरांना ताई समजावतात, "पॅलेडियम म्हणजे थोरली जाऊ. स्वतः काडी हलवणार नाही, पण ती स्वयंपाकघरात उभी नसली की कुणाचा हात चालत नाही. आणि नंतर तिला बाहेर काढणं हे वेगळंच काम." औषधात धातू राहून चालत नाही, शिवाय थोरली महागही फार. म्हणून ताईंचा जीव धाकटीवर, म्हणजे तांब्यावर. तांब्यानं हे जुळवून दाखवायचं आणि मगच निवृत्त व्हायचं, असा त्यांचा हट्ट.

फ्लास्कमध्ये ढवळायला चुंबकाची छोटी पांढरी कांडी असते. ताईंची स्वतःची वेगळी होती. मॅनेजरनं एकदा ती उचलली, तर म्हणाल्या, "साहेब, तुमचा टूथब्रश मी वापरते का?" मी मात्र घाईत ती माझ्या पॅलेडियमच्या प्रयोगाला वापरली. आम्लात धुवायला हवी होती. मी नुसत्या अ‍ॅसिटोननं विसळून जागेवर ठेवली. त्याच आठवड्यात ताईंचं तांबं चाललं. पांढरेशुभ्र स्फटिक पडले. ताईंनी गेटवरच्या भैयालासुद्धा पेढा दिला, "लो, मेरी छोटी ने कर दिखाया." मीही खाल्ला. कांडीच्या ओरखड्यांत बसलेला काळा डाग मला दिसत होता, आणि थोरलीचा एवढासा कणही पुरतो हे ठाऊक होतं. पण ताईंचा चेहरा असा फुललेला की माझं तोंड उघडेना.

पुढे ती कांडी तडकली, नवी आली, आणि तांबं ढिम्म. ताईंनी आधी तांब्याची बाटली बदलली, मग एसीवर खापर फोडलं. सध्या संशय खाडीच्या हवेवर आहे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजला चिकटवलंय. परवा मला म्हणाल्या, "तू होतास ना रे तेव्हा. काय वेगळं केलं होतं आपण?"

"हवा असेल, ताई."

त्यांनी मान डोलावली आणि उठून खिडकी लावली.

वर्षअखेर त्या निवृत्त होतील. संध्याकाळी मी निघतो तेव्हा त्या स्टुलावर बसून फिरत्या द्रवाकडे बघत असतात. हल्ली त्याच्याशी भांडतही नाहीत. "ताई, ते तांबं नव्हतंच, माझ्या हातचं पॅलेडियम होतं," एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो.