रातराणीतला काढा

सुरतेत स्टेशनजवळ ‘रातराणी’ नावाचा नाइट क्लब होता असं सांगितलं की आजची मुलं माझ्याकडे संशयानं बघतात. बघू देत. मी स्वतः जन्माची संशयी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघते, आणि ‘आज बँकेत उशीर झाला’ या आमच्या ह्यांच्या वाक्यावर माझा अजूनही विश्वास नाही. पण रातराणी होती. सदुसष्ट साली उघडली आणि बहात्तरच्या दिवाळीआधी बंद पडली. ती बंद पाडली आमच्या शेजारच्या उषाबाईनं.

गुजरातेत दारूबंदी. आणि रातराणीत लाल दिवे, गोव्याचा बाजा, मुंबईहून येणारी नाचणारी बाई, काउंटरमागे विलायती बाटल्यांची ओळ. आत काय चालतं हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? अधूनमधून पोलीस येत, बाटल्या हुंगत, ग्लास हुंगत आणि रिकाम्या हातानं परत जात. मग तर गावाची खात्रीच पटे. काही सापडलं नाही म्हणजे केवढी पक्की व्यवस्था असेल! दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट.

सुरतेलगतच्या उधन्याच्या आमच्या चाळीत पुढे आम्ही नोकरदार आणि मागे मागावर काम करणारी खानदेशी मंडळी. उषाबाई मागच्या बाजूची, आमच्या भिंतीला भिंत लागून, मूळची शिरपूरकडची. नवरा चिंधा मागावर होता. सुताची धूळ छातीत बसली, खोकला लागला आणि त्यानं खाट धरली. उषाबाई दुपारी रातराणीत ग्लास धुवायला जायची आणि दिवेलागणीला परतायची. तिच्या पदराला उग्र, गोडसर वास यायचा. घरात रॉकेल आणि तेल भरलेल्या विलायती बाटल्या. मी काय ते ओळखलं होतं. विचारलं की म्हणायची, “ग्लासं धुते ताई, दुसरं काय?” आणि नजर चुकवायची. नजर चुकवणारं माणूस मला कधी पटलेलं नाही.

मागच्या चाळीतही कुजबुज होतीच. बहात्तरच्या श्रावणात ती उघड झाली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते. भाऊबंदांच्या प्रत्येक घरातून पुरुषांच्या नावानं गहू गोळा होतो. तो एकत्र दळायचा, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. घरात आलेली सून खाणार, लग्न होऊन गेलेली लेक नाही, इतकं कडक. ज्याचा गहू घेतला नाही तो भाऊबंद उरला नाही. त्याला लग्नाचं बोलावणं नाही, आणि त्याच्या मयतालाही कुणी यायचं नाही. गहू गोळा करायचा मान सुकलालचा. हा मागवाल्यांचा जॉबर, म्हणजे मुकादम; कपाळाला गंध, तोंडात सदा नीतीच्या गोष्टी. तो उषाबाईच्या दाराशी आला आणि तिनं पुढे केलेलं गव्हाचं सूप हातानं मागे सारून म्हणाला, “तुना गहू आमले नको. दारूना हातना रोट कानबाईले चालस नही.”

चिंधा खाटेवरून उठायला गेला आणि खोकतच राहिला. त्याचा जीव आता फार दिवसांचा नाही हे त्याला कळत होतं. बायकोला एवढंच म्हणाला, “माले उचली कोन?” आमच्या भिंतीतून ऐकू आलं मला.

शनिवारी दुपारी गोळा झालेला गहू एकत्र करायला भाऊबंद मागच्या अंगणात जमले. सुकलाल मधोमध बसला होता. उषाबाई आली ती हातात गव्हाचं सूप आणि काखेत विलायती बाटली घेऊन. बायकांनी तोंडाला पदर लावले. तिनं सगळ्यांदेखत बाटली उघडून वाटीभर स्वतः प्यायली, मग दारात भिंतीला टेकून बसवलेल्या चिंधाला पाजली. तो ओठ पुसत म्हणाला, “हाई ते मना काढा शे!”

मग ती बोलली. रातराणीत दारूचा थेंब नव्हता, कधीच नव्हता. काळा गूळ कढवून त्यात सुंठ, ओवा, पिंपळी; चिंधाच्या छातीसाठी ती करायची तोच काढा. मालक छगनभाईंनी एकदा तो चाखला, घसा जळला आणि त्यांचे डोळे चमकले. तेव्हापासून भंगारातल्या बाटल्यांत तोच भरला जाई. गिऱ्हाईकं त्यावरच झुलत, रडत, एकमेकांच्या गळ्यात पडत. छगनभाईंनी तिच्याकडून शपथ घेतली होती. “शक छे त्यां सुधी धंधो छे, उषाबेन,” म्हणाले होते. लोकांचा संशय गेला की धंदा गेला.

सुकलाल हसला. “आनि आमी इस्वास ठेवाना?”

“ठेवू नका. चाखा,” असं म्हणून तिनं त्याच्या ओंजळीत काढा ओतला. त्यानं आधी हुंगला. मग जिभेला लावला, पुन्हा लावला, आणि ओरडला, “अरे, हाई ते तेच शे!”

मागून म्हातारी सरलाबाई, त्याची सख्खी काकू, म्हणाली, “तेच म्हंजे कोनतं रे? तुले चव कशी मालूम?”

सुकलालच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं. आधी भाऊबंदांतला उखा हसला, मग सगळेच. मला तर भिंत धरावी लागली. सुकलालनं मान वर न करता सूप ओढून घेतलं आणि चिंधाच्या नावाचा गहू पोत्यात टाकला.

बातमी सोमवारी मागांवर गेली आणि आठवड्यात सुरतभर झाली. काढा प्यायला स्टेशनपर्यंत कोण जाणार? शिवाय तिथे झुललेले सगळे एकमेकांची तोंडं चुकवू लागले. बाजावाले गोव्याला परत गेले. छगनभाई येऊन चाळीत उभे राहिले तेव्हा उषाबाईनं सरळ सांगितलं, “मीच बोलले. माफ करा.” ते आल्या पावली परत फिरले. तिचं काम सुटलं. पुढे ती चार घरची धुणीभांडी करत राहिली. त्यात माझं घर धरून.

एकदा भांडी घासताना मी तिला गाठलंच. “सुकलाल तिथं जातो हे तुला आधीच ठाऊक होतं ना?”

ती राख चोळत म्हणाली, “माझा गहू त्यानंच नाकारला होता ताई. मग त्याच्याच ओंजळीत ओतायला नको?” याला उत्तर म्हणायचं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

चिंधानं आणखी दोन श्रावण रोट खाल्ला. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गेला. मी उषाबाईला धरून आत बसले होते. ती ऊर फुटेस्तोवर रडत होती. बाहेर तिरडी बांधून झाल्याचा गलका झाला तशी ती एकाएकी थांबली, डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला.

“ताई, बाहेर बघून या. आले का?”

मी दारातून पाहिलं. मागची सगळी चाळ उभी होती. पुढचा खांदा सुकलालनं धरला होता.

“आलेत,” मी म्हटलं. “सगळे आलेत.”

मग ती पुन्हा रडायला लागली.