पार्किंगमधली पाटी आणि आमची मुक्ता

मंडळी, आज सकाळी आमच्या सोसायटीत जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

माझी मुलगी मुक्ता बारा वर्षं बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या स्पर्धांत उतरली. कर्वेनगरात बर्फ कुठला, म्हणून ती पार्किंगमध्ये चाकांच्या स्केट्सवर सराव करायची. तेव्हा चेअरमन साठेकाकांनी पाटी लावली होती: 'हे वाहनतळ आहे, सर्कस नाही. स्केटिंग करू नये.' मग काका दुपारी झोपले की ती खाली उतरायची.

गेल्या आठवड्यात ती शेवटची स्पर्धा खेळून परतली. चौथी आली.

आज काका नातीला घेऊन दारात उभे. "मुक्ता, हिला शिकवशील का?"

मी म्हटलं, "कुठे शिकवणार? खाली पाटी आहे."

"सकाळीच काढली," काका जमिनीकडे बघत म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये मुक्ताने नातीला स्केट्स चढवले आणि मोबाइलवर गाणं लावलं. दहा मिनिटांत नात आपटली. काका धावले, तर मुक्ताने हात आडवा केला. "काका, गाणं अजून चालू आहे. उठेल ती."

पहिल्या स्पर्धेत मुक्ता तीनदा पडली होती. पडलं म्हणून तिथे गाणं थांबवत नाहीत. मी डोळे झाकून बसले होते आणि ती तीनदा उठून शेवटपर्यंत खेळली होती.

आज नातही उठली. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं.

बारा वर्षांत काय मिळालं, असं मला विचारणाऱ्यांनी उद्या सकाळी सातला आमच्या पार्किंगमध्ये यावं. गाड्या मात्र बाहेर लावा.