मेथीची जुडी आणि शिओकुरी

रिसोडच्या बाजारात ती मेथी विकते. मी तिला नुसतं मावशी म्हणतो. भाव कमी कर म्हटलं की मावशीला ऐकू येत नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारी तिची लेक बसायची. जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी धरायची म्हणून तिकडची भाषा घोकायची. मावशी जुडी बांधायची, लेक जुडीमागे एक शब्द सांगायची. झेइकिन म्हणजे कर, याचिन म्हणजे घरभाडं, चोकिन म्हणजे बचत. शेवटी शिओकुरी. मावशी हसत प्रत्येक शब्द परत म्हणायची आणि मग गाठ आवळायची. भाजी घेऊन झाली तरी माझा पाय निघत नसे.

लेक गेली. मावशी अजून शब्द म्हटल्याशिवाय गाठ मारत नाही. शिओकुरी तेवढा गाळते.

"तो काहून नाही म्हणत, मावशी?"

"शिओकुरी मंजे दूरच्या आपल्या मानसाले धाडाचा पैसा. पोरीच्या पगारातून कर कटते, भाडं कटते. आखीन मी कायले कापू?"

गेल्या बाजारी तिनं वाळवलेल्या मेथीची पुरचुंडी बांधली. गावातली एक मुलगी जपानला निघाली होती, तिच्या हाती लेकीला धाडायला. गाठ आवळताना मावशी हळूच म्हणाली, "शिओकुरी."